मी सोडून बाकी सगळे एकांगी

२६ एप्रिल, बुधवार, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. काल झ्वोले शहरातला कोर्स संपला. 'मतभेदांशी मैत्री', तीन मंगळवार, चहाबिस्किटांसकट. सर्टिफिकेट मिळालं, वर 'गेर्लोफ' हे माझं नाव ठळक अक्षरात. लॅमिनेट करून घ्यायचं.

कोर्सचं सार एवढंच: माणूस आधी ठरवतो आणि कारणं नंतर शोधतो. शिकवणाऱ्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला. ओळखीचे सगळे चेहरे डोळ्यांसमोरून गेले. भाऊ, मेहुणी, बायको, ऑफिसातला योस. मी सोडून एकही सुटला नाही. बाईंना विचारलं, याला काही अपवाद असतीलच ना? बाई नुसत्या हसल्या. म्हणजे असतात.

त्याच दिवशी, संध्याकाळी
परिस्थितीची नोंद.
१. माझा थोरला भाऊ एव्हर्ट. वडिलांचं शेत तोच चालवतो. ऐंशी गायी. दारात देशाचा झेंडा उलटा, म्हणजे निळा पट्टा वर आणि लाल खाली. सरकार म्हणतं शेणामुताच्या नायट्रोजनने रानं मरतायत, गोठे कमी करा, गायी आम्ही विकत घेतो. त्याच्या निषेधाचे हे झेंडे. गावातल्या निम्म्या खांबांवर तेच.
२. मेहुणी हानेके, बायकोची धाकटी बहीण. निसर्गरक्षणवाली. गवतातली पक्ष्यांची घरटी मोजायची नोकरी. तिच्या गाडीवर नेमका विरुद्ध पक्षाचा स्टिकर.
३. एकतीस डिसेंबरला आमच्याकडे तळलेले गोड गोळे खाताना या दोघांचं वाजलं. एव्हर्ट तडक उठून गेला. चार महिने आमच्या दारात पाऊल नाही.

योरिंद, आमची मुलगी, यंदा शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसतेय. निकाल १४ जूनला, पार्टी १७ला. तिची अट एकच आहे, एव्हर्टकाका आला पाहिजे. तिला ट्रॅक्टर त्याने शिकवला, सायकलच्याही आधी. काका नसेल तर मला पार्टीच नको, म्हणाली. मी म्हटलं, माझ्यावर सोड. विल्मा म्हणाली, अरे देवा. (विल्मा, बायको. स्वभाव निराशावादी.)

संकल्प: १७ जूनला पाहुण्यांच्या गोलात एव्हर्ट आणि हानेके शेजारीशेजारी. मध्ये केक.

२ मे, मंगळवार
रंगीत कार्डं कापली. दया हिरवं, न्याय निळं, निष्ठा लाल, मान पिवळं, पावित्र्य पांढरं. प्रत्येक माणसाच्या मनात यातली एक-दोनच कार्डं वर असतात, त्यावरून भांडणं होतात. माझी पाचही सारखी वर आहेत. काल रात्री स्वतःच तपासून घेतलं.

एव्हर्टला फोन केला. पद्धत: तो जे बोलेल तेच आपण शांतपणे त्याला परत सांगायचं, म्हणजे समोरच्याला वाटतं आपलं ऐकलं गेलं. तो म्हणाला, आत्ता नको, गाय वितेय. मी म्हटलं, म्हणजे तुला असं वाटतंय की गाय वितेय. तो म्हणाला, वाटत काय डोंबल, पाय बाहेर आलेत. मी म्हटलं, तुझ्या आवाजात मला ताण जाणवतोय. फोन कट.
बेचाळीस सेकंद. जानेवारीपासूनचा सर्वांत दीर्घ संवाद.

४ मे, गुरुवार
विश्वास बसत नाही. संध्याकाळी सायकलवरून एव्हर्टच्या घरावरून गेलो. झेंडा सुलटा! लाल वर, निळा खाली, काठीच्या मध्यावर. दोन दिवसांपूर्वीच्या एका फोनचा हा परिणाम. कोर्सच्या बाईंना तिथूनच ईमेल केली, एका पायावर उभं राहून.

विल्मा म्हणाली, अरे आज चार मे. युद्धात गेलेल्यांसाठी सगळेच झेंडा सरळ करून अर्ध्यावर आणतात, तू नाही का आणलास? मी म्हटलं, एका गोष्टीची दोन कारणं असू शकतात.

५ मे
झेंडा अजून सुलटा. आज तर टोकापर्यंत वर. प्रगती स्थिर. विल्मा म्हणते, आज मुक्तिदिन. असू दे.

६ मे
झेंडा परत उलटा.
सुधारण्याआधी माणूस एकदा मागे जातो, असं कोर्सच्या पुस्तिकेत आहे. (शोधलं, नाही. पण असायला हवं होतं.)

८ मे, सोमवार
हानेकेकडे गेलो. टेबलावर कार्डं मांडली. म्हटलं, एव्हर्टचा विचार मनात येतो तेव्हा कुठलं कार्ड उचलावंसं वाटतं? ती म्हणाली, आज सकाळी त्याच्याचकडे होते, तेव्हा कॉफीचा कप उचलला. वसंतात दर सोमवारी जाते म्हणे. त्याच्या कुरणात घरट्यांशेजारी काठ्या रोवते, तो गवत कापताना काठ्यांच्या बाजूने मशीन वळवून घेतो. यंदा तेवीस घरटी. तो तिला पाखरांची म्हातारी म्हणतो, ती त्याला शेणसम्राट म्हणते, घसा बसेपर्यंत भांडतात आणि मग मोहरीचं सूप पितात. मला म्हणाली, आमचं आम्ही बघतो रे, त्यात तू कशाला?
निष्कर्ष: हानेके वास्तव नाकारतेय. जखम मला वाटलं होतं त्याहून खोल आहे.

जाताना म्हणाली, एव्हर्टच्या दारात सरकारी लिफाफे येऊन पडतात, तो उघडत नाही, तेवढं बघ. मी ते लिहून घेतलं नाही. विषयांतर होतं.

११ मे, गुरुवार
योरिंदचा पहिला पेपर. दारात बूट घालता घालता विचारलं, काका येणार का? मी म्हटलं, प्रक्रिया चालू आहे. ती म्हणाली, बाबा, तू त्याला 'ये' म्हटलंस का? मी समजावलं की थेट विचारलं की माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. ती म्हणाली, मला सात मिनिटांत तिथे पोचायचंय.
पोरांना आजकाल सबुरी नाही.

२३ मे, मंगळवार
ऑफिस. (नगरपालिका, पार्किंगच्या तक्रारी. एकोणीस वर्षं लोकांचं ऐकून घेण्याचा अनुभव.) एक माणूस आला, म्हणे पाटी झाडाआड गेली होती, दंड माफ करा. तो खोटं बोलतोय हे मला बघताक्षणी कळलं. टोकदार बूट. कारणं मग फाइल चाळताना सापडली, चांगली अकरा. अर्ज नामंजूर. योस म्हणाला, फोटोत झाड स्पष्ट दिसतंय. योसला टोकदार बूट आवडतात, त्यामुळे त्याचं मत धरता येत नाही.

२९ मे, सोमवार, सुट्टी
पाऊस. विल्माने विषय काढला: एकतीस डिसेंबरला नक्की काय झालं ते तू एकदा शांतपणे आठव. माझी हरकत नाही. तटस्थपणे, जसं घडलं तसं लिहितो.

हानेके म्हणाली, पक्षी निम्म्यावर आले. एव्हर्ट म्हणाला, मला सांगतेस होय, मी रोज बघतो. हानेके म्हणाली, तू निदान काठ्या सांभाळतोस, बाकीचे नाही. एव्हर्टने तिला आणखी एक गोळा वाढला. इथे चर्चा उथळ होत चालली होती. म्हणून, केवळ पातळी उंचावण्यासाठी, मी म्हटलं की बाबांच्या त्या शेताला तसंही भविष्य नाही. शहाणा माणूस सरकारला गायी देऊन मोकळा होतो. मी नाही का एकोणिसाव्या वर्षी बाहेर पडलो? एव्हर्टने बशी खाली ठेवली. म्हणाला, तू बाहेर पडलास कारण मी आत राहिलो. कोट घेतला आणि गेला.

वाचून बघितलं. थोडक्यात, हानेके आणि एव्हर्टचं वाजलं.
विल्मा म्हणते, जा आणि 'चुकलो' म्हण. एक शब्द आहे, जीभ झिजणार नाही. मी तिला समजावलं: माफी मागितली की मी एक बाजू घेतल्यासारखं होतं, मग मध्यस्थी कोण करणार? विल्मा कपडे वाळत घालायला निघून गेली. पावसात.

३ जून, शनिवार
एव्हर्टला पत्र. आठवा मसुदा पाठवला, चार पानी. सुरुवात: 'प्रिय एव्हर्ट, आपण दोघंही आपापल्या जागी बरोबर आहोत, अर्थात तू तुझ्या जागी.' मोकळी, उमदी सुरुवात आहे. तिसऱ्या पानावर पार्टीचा उल्लेख येतो.

१२ जून, सोमवार
उत्तर नाही. हानेके सांगत होती, पत्र गोठ्यात खिळ्याला लावलंय, मागच्या कोऱ्या बाजूवर गुरांच्या डॉक्टरचा नंबर लिहिलाय. म्हणजे रोज डोळ्यांसमोर ठेवलंय त्याने. मला भरून आलं.

१४ जून, बुधवार, दुपारी ३.३०
पास!! शाळेतून फोन आला. योरिंद फोन हातात धरून जिन्यावर वरखाली पळत होती, विल्मा रडत होती, मीही थोडा. मग योरिंद मैत्रिणींकडे पळाली, विल्मा फोनला चिकटली. झेंडा लावायचं काम माझं. मुलगी पास झाली की झेंडा आणि काठीच्या टोकाला शाळेचं दप्तर, त्यात मी हयगय करत नाही. शिडी नको म्हणून वरच्या खिडकीतून अर्धा बाहेर ओणवा होऊन बांधला. दप्तरात सहा वर्षांची पुस्तकं तशीच. कंबरेत कट्‌ असा आवाज आला. पण लागला.

संध्याकाळी ५
रस्त्यावरून झकास दिसत असणार. अजून खाली जाऊन बघितलं नाही, कंबर. पण लोकांच्या प्रतिक्रिया खिडकीतून दिसतायत. समोरचा ट्रकवाला, जो मला कधी ओळख देत नाही, त्याने अंगठा वर केला. कोपऱ्यावरच्या शिक्षिका बाई वर बघून ओठ मिटून गेल्या. त्यांचा मुलगा मागच्या वर्षी नापास झाला होता. हेवा माणसाला कुठे नेतो.

संध्याकाळी ७.१५
सगळं क्रमाने लिहितो.

सहाला ट्रॅक्टर थांबला. एव्हर्ट. फाटकापाशी उभा राहून वर बघत राहिला, बराच वेळ. मग परत ट्रॅक्टरवर चढला आणि तीनदा भोंगा वाजवला. खिडक्या हादरल्या. लाकडी जोड्यांसकट आत आला, विल्माच्या पुसलेल्या फरशीवर. मला दोन्ही खांद्यांना धरलं. त्याचे डोळे ओले होते. बाबा गेले तेव्हाही मी ते बघितलं नव्हतं. म्हणाला, तू? अरे तू? म्हणाला, मला वाटत होतं या घरात मी एकटाच पडलोय. महिनोन् महिने झोप नाही, आणि तू हे, भर रस्त्यावर, नगरपालिकेत नोकरी असून!

मला वाटलं, पत्र. तिसरं पान.
योरिंद तेवढ्यात आली, तिला त्याने उचलूनच घेतलं. विल्माला म्हणाला, कॉफी टाक गं, कडक. शनिवारी? येणार म्हणजे काय, सकाळपासून येणार, अख्खं चीज घेऊन येतो. योरिंद त्याच्या दंडाला लटकून हसत होती. मग त्याने खिडकीकडे बोट केलं, म्हणाला, निळा वर! आणि मी बाहेर वाकून बघितलं.

निळा वर होता. वरून ओणवं होऊन बांधताना खालचं वर झालं होतं.

गप्प बसता आलं असतं. तो पर्याय मी विचारात घेतला, अंदाजे एक सेकंद. पण ऑफिस, शेजारी, आणि मुख्य म्हणजे तत्त्व. तटस्थ माणसाच्या खिडकीत निषेधाचा झेंडा? मी म्हटलं, एव्हर्ट, एक मिनिट, गैरसमज नको. ते चुकून झालंय. माझी तशी भूमिका नाही. खरं तर माझी कुठलीच भूमिका नाही.

योरिंद फक्त 'बाबा' म्हणाली. एव्हर्टने कप खाली ठेवला, कॉफी तशीच. म्हणाला, अच्छा, चुकून. मग विचारलं, दप्तर जड होतं का? मी म्हटलं, बरंच. तो म्हणाला, कंबर सांभाळ मग. आणि गेला.

झेंडा सरळ केला. या वेळी खाली जाऊन खात्री केली. खरं बोलणाऱ्याला सुरुवातीला एकटं पडावं लागतं.

१५ जून, गुरुवार
घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. योरिंदने कॉर्नफ्लेक्सचा खोका माझ्या आणि तिच्या मध्ये उभा करून ठेवला.

मी बरोबर का होतो, त्याची कारणं काढली. सकाळी सात होती, दुपारपर्यंत चौदा झाली. सगळी पटण्यासारखी आहेत. एक गोष्ट मात्र त्यात कुठेच बसत नाही. त्याने खांदे धरले तेव्हा मला आनंद झाला होता. फार आनंद झाला होता. चौपन्न वर्षांच्या माणसाने लिहू नये, पण मला वाटलं होतं, त्याने सोडू नये.
पंधरावं कारण: सत्य.

१७ जून, शनिवार
पार्टी. सतरा खुर्च्या, नेहमीसारखा गोल. येणारा प्रत्येक जण गोलातल्या प्रत्येकाशी हात मिळवतो, मुलीबद्दल अभिनंदन, भाचीबद्दल अभिनंदन, नातीबद्दल अभिनंदन. माझं सव्वीस वेळा झालं. एका खुर्चीवर योरिंदने कुणाला बसू दिलं नाही. हानेके तिच्या शेजारच्या खुर्चीत बसली, ठरल्याप्रमाणे. मी कार्डं खिशात ठेवली होती. वेळ आली नाही.

चारला योरिंदने उरलेला अर्धा केक डब्यात भरला, डबा सायकलला बांधला आणि निघाली. कुठे, विचारलं नाही. थोड्या वेळाने हानेके तिची गाडी घेऊन गेली. मग विल्मा म्हणाली, पाहुण्यांना कॉफी विचार, मी येतेच. पाहुणे म्हणजे योस, शिक्षिका बाई आणि समोरचा ट्रकवाला, तो झेंड्यामुळे आला होता. आम्ही हवेवर बोललो. हवेवर तिघांचंही एकमत झालं.

१८ जून, रविवार
आज फादर्स डे. योरिंद रात्री शेतावरच राहिली.

सकाळी उठलो आणि सायकल काढली. विल्माला सांगितलं, एक शब्द बोलून येतो. आठ किलोमीटर तो एकच शब्द म्हणत गेलो. कार्डं घेतली नाहीत. खरंच बोलणार होतो. कुणासाठी लिहीत नाहीये मी हे, त्यामुळे खोटं लिहायचं कारण नाही.

धारा चालू होत्या. एव्हर्टने मला बघितलं, रबरी बूट पुढे सरकवले. बाबांचे होते, मला एक नंबर मोठे. दोन तास काम केलं. कुठली गाय लाथ मारते तेवढंच तो सांगत होता. मग स्वयंपाकघरात बसलो. योरिंद आमच्याकडे पाठ करून भांडी धूत होती. टेबलावरचे लिफाफे सगळे उघडलेले.

मी म्हटलं, एव्हर्ट, एकतीस डिसेंबरला मी जे बोललो ते. त्याने हात वर केला. म्हणाला, राहू दे, तुझंच बरोबर होतं. सरकारच्या कागदावर सही करून टाकली मी. गुरुवारी सकाळी. ऑक्टोबरमध्ये गायी जातील.

मी म्हटलं, अरे पण. तो म्हणाला, आणखी एक वर्ष ओढायचा विचार होता. बुधवारी तुझ्या खिडकीतला झेंडा बघून तर वाटलं, एक कशाला, पाच ओढू, आता दोघं आहोत. मग म्हटलं, गेर्लोफ लहानपणापासून शहाणा. शहाणा माणूस मोकळा होतो म्हणाला होतास ना? झालो मोकळा.
त्याने ते टोमणा मारून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो थकलेला होता फक्त. मला आणखी कॉफी वाढली. थोरल्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा मला बरोबर म्हटलं, आणि मला ते ऐकवेना. योरिंदने नळ बंद केला नाही, पाणी तसंच वाहत राहिलं.

घरी आलो. विल्मा दारातच होती. विचारलं, बोललास? मी म्हटलं, त्याने बोलूच दिलं नाही, म्हणाला माझं बरोबर होतं. मग बाकीचं सांगितलं. ती तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली. मी म्हटलं, उद्या परत जातो, नीट सांगतो त्याला, माझं चुकलं, सगळं चुकलं.

विल्मा म्हणाली, बुधवारी का नाही सांगितलंस?